स्वतःचा मेल सर्व्हर: उभारणी आणि अडकलेल्या मेलचा माग

मेल सर्व्हर उभा करणं हे एका दुपारचं काम आहे. त्यावरून पाठवलेली मेल समोरच्याच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडणं हे वेगळंच काम, आणि नवख्या माणसाचा जीव मेटाकुटीला येतो तो तिथेच. येणारी मेल घ्यायची म्हणजे दार उघडं ठेवायचं. जाणारी मेल म्हणजे परक्याच्या दारात उभं राहून आपण कोण, कुठून आलो हे पटवून द्यायचं. आणि तो परका दिवसभर भामट्यांना हाकलून आधीच वैतागलेला असतो.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा. एसएमटीपी हा मेल पाठवायचा प्रोटोकॉल १९८२ सालचा, आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजातला. पुढे त्यात बरीच भर पडली, पण मूळ करार तोच राहिला: घेणाऱ्या सर्व्हरने मजकूर संपल्यावर '२५०' असं उत्तर दिलं की ती मेल त्याची झाली. तोवर ती देणाऱ्याची. म्हणजे मेल कुठल्याही क्षणी कुणाच्या ना कुणाच्या ताब्यात असतेच. काही बिघडलं की 'सेटिंग कुठलं चुकलं?' हे नंतर विचारायचं; आधी विचारायचं, 'मेल आत्ता कुणाकडे आहे?'

(कमांड आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत द्यायची. डोमेन उदाहरण.कॉम आणि सर्व्हरचं नाव मेल.उदाहरण.कॉम असं धरून चाललो आहे.)

पायरी १: काही इन्स्टॉल करण्याआधी

आयपी पत्ता कायमचा हवा. घरगुती इंटरनेटचे बदलते पत्ते स्पॅमवर नजर ठेवणाऱ्या स्पॅमहाउस संस्थेच्या पीबीएल नावाच्या यादीत सरसकट टाकलेले असतात, त्यामुळे तिथून थेट निघालेली मेल बहुतेक ठिकाणी दारातूनच परत येते. म्हणून भाड्याचा छोटा व्हीपीएस, म्हणजे आभासी सर्व्हर, बरा.

पण व्हीपीएस घेतल्या घेतल्या त्यावरून बाहेरच्या एखाद्या मोठ्या मेल सर्व्हरच्या पोर्ट २५ ला (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) टेलनेट या कमांडने जोडून बघा. '२२०' ने सुरू होणारी ओळ आली तर रस्ता मोकळा आहे. नुसता कर्सर लुकलुकत राहिला तर पुरवठादाराने बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद केलंय. अनेक क्लाउड कंपन्या स्पॅमच्या भीतीने ते बंदच ठेवतात. काही जण विनंती केल्यावर उघडतात, काही कधीच उघडत नाहीत. हे सगळं बसवून झाल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. त्याच बैठकीत पत्ता कुठल्या काळ्या यादीत नाही ना तेही पाहा. आधीच्या भाडेकरूने त्यावरून काय उद्योग केले असतील सांगता येत नाही, आणि बदनाम पत्ता धुऊन काढण्यापेक्षा दुसरा मागून घेणं सोपं.

पायरी २: नावं जुळवा

डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत, मेल.उदाहरण.कॉमचं ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारं) तुमच्या आयपीकडे, आणि उदाहरण.कॉमचं एमएक्स रेकॉर्ड (या डोमेनची मेल कुठे द्यायची ते सांगणारं) मेल.उदाहरण.कॉम या नावाकडे. एमएक्समध्ये आयपी लिहायचा नाही, आणि ते नाव सीनेमही (दुसऱ्या नावाचं टोपणनाव) असता कामा नये. मग उलटं टोक: आयपीवरून नाव सांगणारं पीटीआर रेकॉर्ड. हे डोमेनच्या पॅनेलमध्ये सापडत नाही म्हणून लोक तासभर शोधत बसतात. आयपी ज्याचा, त्याच्या पॅनेलमध्ये ते असतं, म्हणजे सर्व्हर भाड्याने देणाऱ्याच्या. तिथे मेल.उदाहरण.कॉम भरा.

आता नावावरून आयपी आणि आयपीवरून तेच नाव, असं वर्तुळ पुरं झालं पाहिजे. सर्व्हर बोलायला सुरुवात करताना ईएचएलओ म्हणून स्वतःचं जे नाव सांगतो तेही हेच हवं. तिन्ही जुळत नसतील तर पुढे पायरी ५ मध्ये मेलवर कितीही सह्या केल्या तरी मोठे सर्व्हर संशयानेच बघतात.

झोन फाइल, म्हणजे डीएनएसच्या नोंदींची फाइल, हाताने लिहीत असाल तर पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यायला विसरू नका. टिंब राहिलं की नाव मेल.उदाहरण.कॉम.उदाहरण.कॉम होतं. वाचताना डोळ्याला काहीच खटकत नाही, 'डिग' कमांडने डीएनएसला विचारलं की लगेच दिसतं.

सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ताही असेल तर त्याचंही पीटीआर भरा. ते जमत नसेल तर पोस्टफिक्समध्ये 'इनेट प्रोटोकॉल्स'ला फक्त आयपीव्ही४ द्या. 'एकाला मेल जाते, दुसऱ्याला जात नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा हाच विसरलेला दुसरा पत्ता असतो.

पायरी ३: पोस्टफिक्स

मेलची ने-आण करायला मी पोस्टफिक्स सुचवतो. विएत्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेला हा प्रोग्रॅम १९९८ पासून वापरात आहे आणि त्याचा लॉग वाचण्यासारखा असतो, माझ्या दृष्टीने हा त्याचा सर्वांत मोठा गुण. सगळं एकत्र बांधून देणारी मेलकाऊसारखी तयार गाठोडीही मिळतात. ती वाईट नाहीत, पण एकदा तरी सुटे भाग हाताने जोडा. गाठोडं बिघडलं की आत कुठे बघायचं ते त्याशिवाय समजत नाही.

मुख्य फाइल मेन.सीएफ. 'मायहोस्टनेम'मध्ये मेल.उदाहरण.कॉम. 'मायडेस्टिनेशन' म्हणजे कुठल्या डोमेनची मेल या मशीनवरच्या युजरांची समजायची, त्यांची यादी. मेलबॉक्स डेटाबेसमध्ये ठेवणार असाल तर डोमेन 'व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स'मध्ये लिहा. दोन्हीकडे एकच डोमेन लिहायचं नाही. तसं केलंत तर पोस्टफिक्स लॉगमध्ये कुरकुर करतो आणि व्हर्च्युअल मेलबॉक्सची मेल 'असा युजरच नाही' म्हणून परत जाते.

'मायनेटवर्क्स'ला मात्र जपून हात लावा. या यादीतल्या पत्त्यांवरून आलेली मेल पोस्टफिक्स पासवर्ड न मागता पुढे धाडतो. तिथे फक्त स्वतःचं मशीन, म्हणजे १२७.०.०.०/८, आणि आयपीव्ही६ वापरत असाल तर त्याचा तसाच स्थानिक पत्ता, इतकंच असू द्या. 'फोनवरून मेल जात नाही' म्हणून इथे मोठी रेंज टाकणारे लोक आहेत. त्यांचा सर्व्हर ओपन रिले, म्हणजे कुणाचीही मेल कुठेही धाडणारा, होतो आणि जगभरचे स्पॅमर तो हां हां म्हणता हुडकून काढतात.

फोन आणि लॅपटॉपसाठी वेगळं दार असतं: पोर्ट ४६५ किंवा ५८७, पासवर्डसह. ४६५ वर पहिल्या बाइटपासून एन्क्रिप्शन असतं, ५८७ वर साध्या बोलण्यापासून सुरुवात करून मग स्टार्टटीएलएस या कमांडने ते चढवायचं. २०१८ च्या आरएफसी ८३१४ ने पहिल्या पद्धतीला पसंती दिली आहे, तेव्हा ४६५ चालू करा आणि ५८७ जुन्या क्लायंटसाठी ठेवा. पोर्ट २५ हे सर्व्हरांचं आपापसातलं दार. तिथे पासवर्डची सोयच देऊ नका.

आता बाहेरच्या एखाद्या सर्व्हरवरून हाताने मेल देऊन बघा. टेलनेटने पोर्ट २५ उघडलं की '२२०' येतं. 'ईएचएलओ' आणि तुमच्या त्या सर्व्हरचं नाव टाइप करा, उत्तर '२५०'. मग 'मेल फ्रॉम' आणि पाठवणाऱ्याचा पत्ता, '२५०'. 'आरसीपीटी टू' आणि तुमच्या डोमेनवरचा पत्ता, पुन्हा '२५०'. 'डेटा' म्हटलं की '३५४', म्हणजे सांगा काय ते. विषयाची ओळ, एक कोरी ओळ, मजकूर, आणि शेवटी नुसत्या टिंबाची एक ओळ. यानंतरचं '२५०' खरं महत्त्वाचं: या क्षणी मेलचा ताबा बदलला. मग हेच पुन्हा करा, पण 'आरसीपीटी टू'मध्ये तुमच्याशी संबंध नसलेल्या डोमेनवरचा पत्ता द्या. इथे '५५४' किंवा '४५४' आणि 'रिले ॲक्सेस डिनाइड' आलंच पाहिजे. '२५०' आलं तर बाकी सगळं सोडून आधी 'मायनेटवर्क्स' बघा.

पायरी ४: डव्हकॉट आणि सर्टिफिकेट

आलेली मेल साठवणं, ती आयमॅपने (सर्व्हरवरची मेल वाचायच्या प्रोटोकॉलने) फोनला दाखवणं आणि पासवर्ड तपासणं ही कामं डव्हकॉटची. आयमॅपचं एन्क्रिप्टेड पोर्ट ९९३. तेवढं एकच उघडं ठेवलं तरी चालतं.

इथे आजकाल एक नवा खड्डा पडलाय. २०२५ च्या जानेवारीत आलेल्या डव्हकॉट २.४ ने कॉन्फिगरेशनची भाषाच बदलली. आता फाइलच्या सुरुवातीला 'डव्हकॉट कॉन्फिग व्हर्जन' लिहावं लागतं, आणि जुनं 'मेल लोकेशन' जाऊन 'मेल ड्रायव्हर' आणि 'मेल पाथ' अशी दोन सेटिंग आली. इंटरनेटवरची बहुतेक मार्गदर्शकं २.३ ची आहेत. ती जशीच्या तशी चिकटवली की डव्हकॉट सुरूच होत नाही आणि नवखा माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. आधी 'डव्हकॉट --व्हर्जन' विचारा, मग काय वाचायचं ते ठरवा.

पासवर्ड तपासायला पोस्टफिक्स डव्हकॉटला एका सॉकेटमधून, म्हणजे दोन प्रोग्रॅमना आपसात बोलायला दिलेल्या खास फाइलमधून, विचारतो. पोस्टफिक्स बऱ्याच ठिकाणी स्वतःच्या स्पूल फोल्डरात कोंडलेला असतो, म्हणून ते सॉकेट त्या फोल्डराच्या आत, 'प्रायव्हेट' मध्ये, 'ऑथ' नावाने लागतं. मालक पोस्टफिक्स, परवानगी ०६६०. लॉगमध्ये 'कनेक्ट टू प्रायव्हेट/ऑथ फेल्ड' दिसलं तर सॉकेट भलत्या जागी आहे किंवा परवानगी चुकली आहे, तिसरं कारण सहसा नसतं. पासवर्डच चुकतोय अशी शंका असेल तर 'डव्हॲडम ऑथ टेस्ट' चालवा. मेल क्लायंट मध्ये न आणता थेट उत्तर मिळतं.

एन्क्रिप्शनला लागणारं, सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं घ्या. ते साधारण ९० दिवसांचं असतं, आणि ही मुदत पुढे आणखी कमीच होणार आहे. त्यावरून मी एकदा चांगलाच आपटलो होतो. एका सकाळी सगळे फोन एकदम ओरडायला लागले: सर्टिफिकेटची मुदत संपली. डिस्कवरची फाइल बघितली तर ठणठणीत, महिन्याभरापूर्वीच नूतनीकरण झालेलं. अर्धा दिवस फोनची सेटिंग उकरण्यात गेला. शेवटी 'ओपनएसएसएल एस क्लायंट'ने ९९३ वर जाऊन विचारलं तेव्हा कळलं की सर्व्हर हातात जुनंच सर्टिफिकेट धरून बसलाय. सर्टबॉटने (सर्टिफिकेट आणून देणाऱ्या प्रोग्रॅमने) फाइल बदलली होती, पण डव्हकॉटने ती सुरू होताना एकदा वाचली ती वाचली; मेमरीतलं जुनं सर्टिफिकेट तसंच. तेव्हापासून सर्टबॉटच्या 'रिन्युअल हुक्स'मधल्या 'डिप्लॉय' फोल्डरात दोन ओळींची स्क्रिप्ट आहे: पोस्टफिक्स रीलोड, डव्हकॉट रीलोड.

पायरी ५: ओळख पटवणारी तीन रेकॉर्ड

एसपीएफ म्हणजे या डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात, त्याची जाहीर यादी. एकच सर्व्हर असेल तर 'व्ही=एसपीएफ१ एमएक्स -ऑल' एवढं टीएक्सटी रेकॉर्ड (डीएनएसमधली साध्या मजकुराची नोंद) पुरतं. एका डोमेनला एसपीएफचं एकच रेकॉर्ड असतं. दोन टाकलीत तर दोन्ही बाद. इतर सेवा 'इन्क्लूड' करत गेलात तर तपासताना होणाऱ्या डीएनएस चौकश्यांची मर्यादा १० आहे, ती ओलांडली की निकाल 'पर्मएरर', म्हणजे कायमची चूक.

डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर सही. खाजगी किल्ली सर्व्हरवर, सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये. हे काम मी आरस्पॅमडीकडे देतो, कारण येणारा स्पॅम गाळायला तो ठेवावाच लागतो. किल्ली २०४८ बिटची करा. पण टीएक्सटी रेकॉर्डमधल्या एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात आणि ही किल्ली त्याहून लांब असते, म्हणून ती अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून द्यावी लागते. काही पॅनेल हे आपोआप करतात, काही मुकाट्याने शेपूट कापतात. भरल्यावर 'डिग'ने परत वाचून शेवटची अक्षरं मूळ फाइलशी ताडून पाहा.

डीएमएआरसी या दोन्हींना 'फ्रॉम'मधल्या, वाचणाऱ्याला दिसणाऱ्या पत्त्याशी बांधतं. ही गाठ का लागते? एसपीएफ तपासतं ते पाकिटावरचा पत्ता, आतल्या पत्रावरचा नाही. पाकिटावर स्वतःचा पत्ता आणि आत बँकेचं नाव लिहून फसवणं त्यामुळे सहज जमायचं. एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी पास झालं आणि त्याचं डोमेन 'फ्रॉम'शी जुळलं की डीएमएआरसी पास. सुरुवात 'पी=नन'ने (अडवू नका, फक्त कळवा) करा, रोजचे अहवाल काही आठवडे बघा, आणि मगच 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका) किंवा 'रिजेक्ट' (नाकारा). पहिल्याच दिवशी 'रिजेक्ट' लावलं की आपलीच विसरलेली एखादी स्क्रिप्ट बळी जाते.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी हे नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याला तिन्ही सक्तीची आहेत. छोट्या सर्व्हरला एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि जुळणारं पीटीआर एवढं पुरतं असं नियम म्हणतो. मी तरी तिन्ही लावल्याशिवाय पहिली मेलसुद्धा पाठवत नाही.

पायरी ६: मेल अडकली की

एका खिडकीत लॉग वाहता ठेवा, 'जर्नलसीटीएल -एफ' किंवा व्हार/लॉग/मेल.लॉगवर 'टेल -एफ'. दुसऱ्या खिडकीत एका वेळी एकच बदल. बाहेर गेलेल्या मेलची ओळ साधारण अशी दिसते:

टू=<पत्ता>, रिले=समोरचा सर्व्हर, डिले=३.१, डिलेज=०.०४/०.०१/२.६/०.४५, डीएसएन=२.०.०, स्टेटस=सेंट (२५० ओके)

'डिलेज'मधले चार आकडे फार कमी लोक वाचतात. पहिला, रांग सांभाळणाऱ्याकडे पोचेपर्यंतचा वेळ. दुसरा, त्याच्याकडे गेलेला. तिसरा, समोरच्याशी जोडणी व्हायला लागलेला. चौथा, प्रत्यक्ष मजकूर द्यायला लागलेला, सगळे सेकंदांत. वरच्या ओळीत २.६ जोडणीत गेलेत, म्हणजे मंद डीएनएस किंवा समोरचा सर्व्हर. तुमची डिस्क किंवा प्रोसेसर नव्हे.

'स्टेटस=सेंट' आणि '२५०' असेल तर मेल तुमच्याकडे नाही. समोरचा 'मिळाली नाही' म्हणत असेल तर त्याला स्पॅम फोल्डर बघायला सांगा. तुमचं जीमेल खातं असेल तर त्यावर एक मेल पाठवून 'शो ओरिजिनल' उघडा: एसपीएफ, डीकेआयएम, डीएमएआरसी तिन्हींपुढे 'पास' आहे का? तिन्ही पास असूनही स्पॅममध्ये जात असेल तर पत्ता नवा आहे म्हणून. काही आठवडे थोडी थोडी, खऱ्या माणसांशी देवाणघेवाण होऊ द्या. त्याला दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

'स्टेटस=डिफर्ड' म्हणजे ४ ने सुरू होणारं उत्तर, किंवा समोरच्यापर्यंत पोचताच आलं नाही. मेल तुमच्याच रांगेत आहे. '४५०' किंवा '४५१' सोबत 'ग्रेलिस्टेड' असेल तर काहीही करू नका: समोरचा अनोळखी सर्व्हरला मुद्दाम थांबवतोय आणि पोस्टफिक्स थोड्या वेळाने आपणहून परत जाईल. इथे उतावीळ होऊन सेटिंग बदलणारे चालू सर्व्हर बिघडवून ठेवतात. 'कनेक्शन टाइम्ड आउट' सगळ्याच ठिकाणी येत असेल तर पायरी १ मधलं पोर्ट २५. 'नेम सर्व्हिस एरर' येतोय पण 'डिग' व्यवस्थित चालतंय, असं असेल तर पोस्टफिक्सच्या कोंडलेल्या फोल्डरातली रिझॉल्व्ह.कॉन्फची (डीएनएस कुणाला विचारायचं ते सांगणाऱ्या फाइलची) प्रत जुनी झाली असेल. पोस्टफिक्स रीस्टार्ट करा. रांग बघायला 'पोस्टक्यू -पी', रांगेतली मेल उघडून वाचायला 'पोस्टकॅट -क्यू' आणि तिचा क्रमांक. ५ दिवस प्रयत्न करून नाहीच जमलं तर पोस्टफिक्स मेल पाठवणाऱ्याला परत करतो.

'स्टेटस=बाउन्स्ड' म्हणजे ५ ने सुरू होणारा ठाम नकार. कंसातलं वाक्य शब्दन् शब्द वाचा, मोठे सर्व्हर त्यात बऱ्याचदा कारण सांगतात. फोनवरूनच 'रिले ॲक्सेस डिनाइड' येत असेल तर क्लायंट पासवर्डशिवाय पोर्ट २५ वर जातोय. बाहेरून तुमच्या पत्त्यावर येणाऱ्या मेलला तेच उत्तर मिळत असेल तर डोमेन कुठल्याच यादीत लिहिलेलं नाही. आणि 'लूप्स बॅक टू मायसेल्फ'? एमएक्स म्हणतंय मेल या मशीनची, पोस्टफिक्स म्हणतोय माझी नाही. तिथेही औषध तेच: डोमेन योग्य यादीत लिहा.

मोठी फाइल जोडल्यावरच अडतंय का? 'मेसेज साइझ लिमिट' मुळात १,०२,४०,००० बाइट असतं, आणि जोडलेली फाइल बेस६४ मध्ये (फाइल साध्या अक्षरांत लिहायच्या पद्धतीत) जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे ८ एमबीची फाइलही मावत नाही.

येणारी सगळीच मेल एके दिवशी अचानक नाकारली जायला लागली तर काळ्या याद्यांचं सेटिंग बघा. स्पॅमहाउस ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून (डीएनएसची उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरवरून) आलेल्या चौकश्यांना खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा त्रुटीचा संकेत पाठवतं. पोस्टफिक्सला तुम्ही नुसतं यादीचं नाव दिलं असेल तर त्याला १२७ ने सुरू होणारं काहीही म्हणजे 'यादीत आहे' असंच वाटतं, आणि तो सरसकट सगळ्यांना हाकलतो. सर्व्हरवर स्वतःचा अनबाउंड रिझॉल्व्हर चालवा, प्रश्न मिटतो.

फॉरवर्ड केलेली मेल हे वेगळंच दुखणं. तुमच्याकडे आलेली मेल तुम्ही पुढे दुसऱ्या खात्याला ढकललीत की एसपीएफ मोडतं, कारण आता ती तुमच्या पत्त्यावरून निघाली. डीकेआयएमची सही टिकते, पण वाटेत कुणी मजकुराला हात लावला नाही तरच. शक्यतो फॉरवर्ड करूच नका; ती मेल तुमच्याच सर्व्हरवरून आयमॅपने वाचा.

आणि रांगेत कधी हजारो अनोळखी मेल दिसल्या तर कुणाचा तरी पासवर्ड फुटलाय. आधी पोस्टफिक्स थांबवा. लॉगमध्ये 'सॅसल युजरनेम' (पासवर्ड देऊन आत आलेल्याचं नाव) कुणाचं वारंवार येतंय ते शोधा, त्याचा पासवर्ड बदला, 'पोस्टसुपर -डी'ने त्या मेल काढा, मग पोस्टफिक्स सुरू करा. क्रम उलटा केलात तर तुम्ही रांग उपसत बसाल आणि ती मागून भरत राहील.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे. पोस्टमास्टर हा पत्ता प्रत्येक मेल डोमेनवर असायलाच हवा असं एसएमटीपीचा नियम सांगतो. अब्यूज हाही ठेवा. दोन्हींवरची मेल नेमाने वाचा. सर्व्हर बंद पडल्याची, डिस्क भरल्याची आणि सर्टिफिकेट संपत आल्याची सूचना मात्र दुसरीकडच्या खात्यावर जाऊ द्या, आणि ती देणारा प्रोग्रॅमही दुसऱ्या मशीनवर ठेवा. माझ्याकडे डिस्क भरल्याचा इशारा त्याच भरलेल्या डिस्कवरच्या मेलबॉक्ससाठी दोन दिवस रांगेत थांबून होता.